हसायचं राहून गेलं

१

शूटिंगच्या बंगल्यात मधुवंतीला एकच काम होतं. लक्षात ठेवायचं.

मेणबत्ती किती जळली होती, कुठल्या साहेबाच्या ग्लासात किती दारू उरली होती, मेमसाहेबांचा मोत्यांचा सर कॉलरच्या आत होता की बाहेर, हे सगळं. दारू म्हणजे बिनदुधाचा गार चहा, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. एकच प्रसंग पाच-सहा बाजूंनी चित्रित करतात, कधी दोन दोन दिवस लागतात आणि पडद्यावर मात्र तो सलग दिसावा लागतो. मधेच ग्लास भरला किंवा मेणबत्ती वाढली, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतं. तसं होऊ न देणं हे रीना मॅडमचं काम होतं. त्या मुंबईच्या होत्या आणि सगळं युनिट त्यांना नावाऐवजी ‘कंटिन्युटी’च म्हणायचं.

बंगला खाणीच्या वाटेवर होता, बालाघाटपासून जेमतेम अर्ध्या तासावर. इंग्रजांच्या काळात तिथे मँगनीजच्या खाणीचे साहेब राहत. आता तो सरकारी होता, बहुतेक बंदच असायचा आणि त्याच्या किल्ल्या मधुवंतीच्या बाबांकडे असायच्या, कारण बाबा बांधकाम खात्यात होते. सिनेमावाल्यांना बंगला दाखवायला बाबा गेले तेव्हा दोघी बहिणी सोबत होत्या. दिग्दर्शक चिन्मय सरांनी ऋताताईला पाहिलं, कॉलेजात नाटकात काम केलंय का विचारलं आणि दोन दिवसांनी फोन आला. सिनेमात साहेबाच्या घरच्या आयाचं काम होतं.

आई म्हणाली, “एकटी पोरगी दिवसभर त्या लोकांत कशी राहीन? मधूले घेऊन जा.”

मधुवंती दहावीत होती. हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणताना तिचा आवाज बाईंपर्यंत पोचायचा नाही, शेजारची मुलगी तिच्या वतीनं हात वर करायची. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. ती ताईबरोबर गेली आणि कोपऱ्यात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं रीना मॅडमच्या ओढणीला हात लावून हळूच सांगितलं, “मॅडम, वो मेणबत्ती पहले अर्धी थी.”

रीना मॅडमनी पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. “छोटी, इधर बैठ,” त्या म्हणाल्या आणि मॉनिटरशेजारी एक स्टूल सरकवलं.

२

गावात या सिनेमाची बरीच कुजबुज होती. खाणीचे गोरे साहेब, त्यांच्या बायका, रोजच्या मेजवान्या, कोण कुणाच्या खोलीत जातं याचा धरबंध नाही, आणि शेवटी खून. घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या, “आपल्या बालाघाटात असं होत होतं काय?” चिन्मय सर हसून सांगायचे की हे सगळं त्यांनी पुण्याला फ्लॅटच्या गॅलरीत बसून लिहिलंय, खरं त्यात काहीही नाही.

मधुवंतीला सगळ्यात मोठा धक्का बसला तो मेजवानीच्या प्रसंगाचा. मोठ्या साहेबाच्या बायकोचं धाकट्या इंजिनिअरशी सूत असतं. दोघं मिळून साहेबाच्या ग्लासात विष घालतात. साहेबाला कुठून तरी सुगावा लागतो. तो ग्लास ओठाशी नेतो, थांबतो आणि मागे उभ्या असलेल्या आयाच्या हातात देतो. पी, म्हणतो. ती नको म्हणत नाही. पिते आणि टेबलाशेजारी गालिच्यावर पडते.

टेबलावरचे सगळे गोरे क्षणभर तिच्याकडे बघतात. मग एक जण मांडीवरचा पांढरा रुमाल उचलून तिच्या तोंडावर टाकतो. मोठी मेमसाहेब सूप वाढायला सांगते. जेवण चालू राहतं.

रुमाल टाकतानाचा तो हात, जणू डाग झाकावा तसा, मधुवंतीनं मॉनिटरवर पाहिला आणि तिच्या हातातली बिस्किटं तशीच राहिली. रुमाल टाकणारे काका खरे फार भले होते. ‘कट’ झालं की तेच ताईला हात देऊन उठवायचे आणि मोडक्या हिंदीत माफी मागायचे.

पडलेली ताई कशी दिसावी हे चिन्मय सरांनी ठरवलं होतं. डोकं खुर्चीच्या पायाशी. केसांची एक बट कानावर. उजवा हात बाजूला पसरलेला, तळवा वर, काही मागत असल्यासारखा. दर टेकच्या आधी मधुवंती गुडघे टेकून तो हात जागेवर ठेवायची. तळवा वर, बोटं सैल. ताई डोळे मिटूनच पुटपुटायची, “गुदगुल्या नको करू वं.”

रुमाल तोंडावर असताना श्वास रोखायचा होता. ताईला ते जमायचं. लहानपणी वैनगंगेत बुडी मारून ती इतका वेळ खाली राहायची की मधुवंती काठावर रडायला लागायची.

संध्याकाळी त्या प्रसंगाचं शेवटचं ‘कट’ झालं. ताई उठून निघणार तोच रीना मॅडम म्हणाल्या, “रुको. हसना बाकी है.”

“काहून?”

मॅडमनी समजावलं. सिनेमात मेल्याचं काम केलं की शेवटी त्याच कॅमेऱ्यात बघून हसायचं असतं. मेलेली नाही, जिवंत आहे, हे कॅमेऱ्याला दाखवायचं. मोठे मोठे नट करतात. कुणी विश्वास ठेवो न ठेवो, सोडत कुणी नाही.

कॅमेरा चालू झाला. ताई त्यात बघून हसली. आधी ओठ मिटून, मग खो खो. तिच्या पुढच्या दाताचा एक कोपरा उडालेला होता, लहानपणी हापशाचा दांडा लागून, म्हणून ती फोटोत कधी दात दाखवायची नाही. त्या दिवशी विसरली. हसण्याच्या शेवटी तिला नेहमी उचकी लागायची, तीही लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचं काम मॉनिटरवर लावून बघत होते. मधुवंती स्टुलावर होती.

पहिल्या बाजूनं घेतलेलं बरोबर होतं. दुसऱ्या बाजूचंही. तिसऱ्यात कॅमेरा टेबलाच्या पलीकडे होता. माणसं सूप पीत होती, मेणबत्त्या नीट होत्या, मोती कॉलरच्या बाहेर होते. खाली कोपऱ्यात ताई पडलेली होती, तोंडावर रुमाल.

तिचा हात पालथा होता.

तळवा खाली. बोटं वाकलेली, गालिच्याच्या कडेत रुतवलेली. पडलेल्या माणसाचा हात असा नसतो. जाणाऱ्या माणसानं काही धरून ठेवावं तसा तो होता.

मधुवंती स्टुलावर पुढे सरकली. हात तिनंच ठेवला होता. तळवा वर, बोटं सैल. त्या टेकच्या आधीही ठेवला होता, हे तिला तिच्या नावाइतकं आठवत होतं. टेक चालू असताना मात्र ती मेणबत्त्या बघत होती. हात तिनं बघितला नव्हता.

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रीना मॅडम चहा घ्यायला उठल्या होत्या. गप्प राहिलं असतं तर ते तसंच पुढे गेलं असतं. मधुवंती तेवढ्याच एका गोष्टीत कुणापेक्षा कमी नव्हती. ती चिन्मय सरांच्या खुर्चीजवळ गेली. पहिल्यांदा तोंडातून शब्दच निघाला नाही. दुसऱ्यांदा निघाला.

“सर, हात उलटा आहे.”

सरांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. “शाबास,” ते म्हणाले. “कोणाला दिसलं नाही हे. एवढा एक तुकडा आज पुन्हा घेऊन टाकू. प्रकाश जायच्या आत.”

ताई घरच्या कपड्यांत बंगल्याच्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिला पुन्हा आयाचं लुगडं नेसायला लागलं.

“मी हात हलवलाच नाई,” ती म्हणाली. “तू ठेवला तसाच होता.”

“मग तो फिरला कसा?”

“मले काय मालूम. तुले कशाले नाक खुपसायचं होतं पण? दोन दोनदा मारून राह्यली मले.” आणि तिनं मधुवंतीच्या दंडाला चिमटा काढला.

४

तयारीला दुपार गेली. झाडांमागे ऊन उतरायला लागलं तेव्हा सगळे आपापल्या खुर्च्यांवर बसले. ताई पडली. मधुवंतीनं हात ठेवला. तळवा वर, बोटं सैल. आज ती मेणबत्त्यांकडे बघणारच नव्हती. मॉनिटरकडेही नाही. ती कॅमेऱ्याच्या बाजूला, टेबलाखालून थेट ताईचा हात दिसेल अशी खाली बसली.

“ॲक्शन.”

रुमाल पडला. चमचे वाजायला लागले. कुणी तरी हलकंसं हसलं, ते सिनेमातलंच होतं.

हात तसाच होता. मग करंगळी हलली. घाईनं नाही. झोपेत माणूस कूस बदलतो तसा तो हात मनगटापासून वळला, पालथा झाला आणि बोटं एकेक करून गालिच्याच्या कडेत शिरली. मधुवंतीनं तोंडावर हात दाबला. टेकच्या मधे बोलायचं नसतं.

तिनं रुमालाकडे पाहिलं. तो हलत नव्हता. श्वास कितीही रोखला तरी शेवटी शेवटी ताईच्या रुमालाची कड थोडी थरथरायची, हे तिला माहीत होतं. तीही थरथरत नव्हती. रुतलेल्या बोटांची नखं पांढरी पडली होती.

“कट. चाललं असतं, पण हात पुन्हा—” चिन्मय सर मॉनिटरवर वाकून म्हणाले. मग खिडकीकडे बघून त्यांनी मान हलवली. “जाऊ दे. एडिटिंगच्या वेळी हात फ्रेममधून कापून टाकतो. प्रकाश गेलाच. पॅकअप.”

दिवे बंद झाले, वायरी गुंडाळल्या जायला लागल्या, माणसं उठली. रुमाल टाकणारे काका हात द्यायला वाकले. ताई उठेना. मधुवंतीनं धावत जाऊन रुमाल काढला. ताईचे डोळे उघडे होते. टेबलाच्या खालच्या बाजूकडे ती शांतपणे बघत होती.

“ताई.”

ताईनं तिच्याकडे पाहिलं, जरा उशिरा. मग उठून बसली. “जमीन थंडी आहे,” एवढंच म्हणाली.

सेटिंगवाल्यांना गालिचा दुसऱ्या खोलीत हवा होता. दोघांनी तो गुंडाळला. खाली जुन्या सागवानी फळ्या होत्या. जिथे गालिच्याची कड होती, जिथे ताईची बोटं होती, त्या जागी लाकडात चार ओरखडे होते. खोल, जुने, आतून काळे पडलेले.

मधुवंती बघत राहिली. तिनं आपली बोटं त्यांच्यावर ठेवली नाहीत. ती बसतील हे तिला बघूनच कळलं होतं.

“चूहे होंगे,” सेटिंगवाला म्हणाला आणि गालिचा खांद्यावर घेऊन गेला.

बाहेर गाडीत बसताना तिनं सगळं धैर्य गोळा करून चिन्मय सरांना विचारलं, इथे कधी कुणी आया मेली होती का.

“अगं नाही,” ते हसत म्हणाले. “आया पहिल्या लिखाणात नव्हतीच. ती मी मागाहून घातली. कुणीतरी मरायला हवं होतं ना.”

५

ताईचं काम संपलं. युनिटचं आणखी तीन-चार दिवस बाहेरचं शूटिंग होतं, वारासिवनीकडच्या धानाच्या शेतांत. मधुवंतीला जायचं होतं, पण आई म्हणाली, आता अभ्यास कर.

घरी सगळं नेहमीसारखं होतं. ताई भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, विचारलं तर उत्तर द्यायची. उत्तर बरोबर असायचं. फक्त जरा उशिरा यायचं.

बाबांनी त्यांची ती जुनी गोष्ट सांगितली, तिरोडीच्या स्टेशनवर ते चुकून दुसऱ्याच कुणाच्या लग्नाच्या वरातीत चढले आणि जेवूनही आले, ती. ताई त्या गोष्टीला हमखास हसायची, उचकी लागेपर्यंत. बाबा मधे थांबून तिच्या हसण्याची वाट बघायचे. या वेळीही थांबले. ताई त्यांच्याकडे बघत होती. बाबा मग पाणी प्यायले आणि बाकीची गोष्ट त्यांनी लवकर संपवली.

“थकली पोरगी,” आई म्हणाली.

जेवायला बसताना ताई पाट घेईना. बाबांच्या मागे उभी राहिली, भिंतीला लागून, हात पुढे एकावर एक ठेवून.

“बस ना वं,” आई म्हणाली. “काय तमाशा करून राह्यली?”

“तुमचं होऊ द्या.”

‘तुमचं’. ताई आईला कधी अहोजाहो करायची नाही. आईच्या हातातली पळी क्षणभर तशीच राहिली. मग ती हसली. “अजून आयाच आहेस वाटते. पैसे भेटले तुले, आता घरी ये.” बाबाही हसले. ताई बसली आणि तिनं जेवण केलं, पण बाबांनी भाजी संपवून हात धुतल्यावरच.

मधुवंती स्वतःला समजावत राहिली. ताईला काम मनापासून करायची सवय आहे. मागे नाटकात ती आंधळी झाली होती, तेव्हा आठवडाभर चाचपडत चालत होती आणि सगळ्यांना हसवत होती. हेही तसंच असेल. ओरखडे उंदरांचे असतील. कुत्र्याचे असतील. साहेब लोक कुत्री पाळत. झोपेत हात तर सगळ्यांचेच फिरतात.

चौथ्या दिवशी सकाळी तिला जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं. शेजारी ताई झोपली होती, उताणी, केसांची एक बट कानावर. चेहऱ्यावर तिनं हातरुमाल पसरून घेतला होता, उजेड नको म्हणून असेल. उजवा हात बाजूला होता. पालथा. बोटं गादीच्या कडेत रुतलेली.

मधुवंतीनं हात सुलटा केला. तळवा वर, बोटं सैल. तो बर्फासारखा नव्हता, तसं काही नव्हतं. नुसता फरशीइतका गार होता. ती बघत राहिली.

हात वळला.

रुमालाखालून ताई स्पष्ट आवाजात म्हणाली, “सूप वाढू?”

६

मधुवंती न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. तिथे तिनं सगळं पुन्हा आठवलं, ओळीनं, जसं स्टुलावर बसून आठवायची. ताई मेली. ताई हसली. टाळ्या झाल्या. मग सकाळ झाली, मॉनिटर लावला, तिनं सांगितलं हात उलटा आहे. ताई पुन्हा लुगडं नेसली. ताई पुन्हा मेली. प्रकाश गेला. पॅकअप.

हसायचं राहून गेलं होतं. सगळ्यांना वाटलं, हसून तर झालं. पण हसून झाल्यावर ती आणखी एकदा मेली होती आणि ते मधुवंतीनं करायला लावलं होतं.

तिनं रीना मॅडमना फोन लावला. फोनवर बोलायला तिला नेहमी भीती वाटायची. आज वाटली नाही.

मॅडम आधी ‘अरे छोटी’ म्हणून आनंदानं बोलल्या. मग ऐकत राहिल्या. पलीकडे सामान चढवल्याचे आवाज येत होते.

“हां,” त्या शेवटी म्हणाल्या. “नहीं लिया. मैं भूल गई.” मग त्यांनी विचारलं, “वो हँसती है क्या घर पे?”

“नहीं.”

“मोबाइल में मत लेना. उसका कोई मतलब नहीं. वही कैमरा चाहिए. सुन, हम निकल रहे हैं, गोंदिया से गाड़ी है. राजेगाँव में पुल के पहले चाय को रुकवाती हूँ. तू लेके आ. जल्दी.”

बाबांना सांगणं अवघड होतं. ते इंजिनिअर माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “मधू बेटा, असं काही नसते.”

“हौ बाबा.”

“थकवा आहे. डॉक्टरले दाखवू.”

“हौ. पण आधी राजेगाव.”

मधुवंतीनं आयुष्यात त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे ते तिच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताई आली. बाबांनी टेबलावर पाण्याचा ग्लास अर्धा ठेवला होता. ताईनं तो उचलला, ओठांशी नेला आणि न पिता हातात धरून उभी राहिली, बाबांच्या तोंडाकडे बघत, कुणी सांगायची वाट पाहत असल्यासारखी.

“पी,” असं म्हणायला बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी तिच्या हातातून ग्लास काढून घेतला, पाणी मोरीत ओतलं आणि गाडीची किल्ली घेतली.

७

युनिटच्या गाड्या पुलाच्या अलीकडे कडुनिंबाखाली उभ्या होत्या. माणसं टपरीवर चहा पीत होती. चिन्मय सरांना उशीर होत होता आणि ते लपवत नव्हते, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. मेल्यावर हसायचं राहिलंय म्हटल्यावर नाही कुणीच म्हटलं नाही. बाबूलाल नावाचे कॅमेऱ्याची पेटी सांभाळणारे काका होते, त्यांनी काही न विचारता पेटी खाली उतरवली, दोऱ्या सोडल्या, कॅमेरा तिपाईवर चढवला. मॉनिटर गाडीच्या बोनेटवर ठेवला.

ताई रस्त्याच्या कडेला उभी राहिली. निळा कुर्ता, वेणी. मागे नदी होती. गोंदियाहून आलेली एक बस पुलावरून गेली आणि तिच्या धुळीतून ताईचा चेहरा पुन्हा दिसला.

“ऋता,” चिन्मय सर मऊ आवाजात म्हणाले, “लेन्समध्ये बघ आणि हस. संपलं सगळं.”

“हस वं बाई,” बाबा म्हणाले. “तिरोडीची वरात आठव.”

“रोल.”

सगळे मॉनिटरभोवती गोळा झाले. मधुवंतीही होती, नेहमीच्या जागी, रीना मॅडमच्या कोपराशी. पडद्यावर ताईचा चेहरा होता. मिटलेले ओठ. काही वेळ काहीच झालं नाही. मग ओठांचे कोपरे हलले. ताई हसली. आधी मिटून, मग खो खो. उडालेल्या कोपऱ्याचा दात दिसला. डोळ्यांत पाणी आलं. शेवटी उचकी लागली, आणि पडद्यावरच्या ताईनं स्वतःच तोंडावर हात ठेवला, लाजून, अगदी नेहमीसारखा.

बाबांनी मोठ्यानं श्वास सोडला. रीना मॅडमनी मधुवंतीला जवळ ओढलं. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

मधुवंतीच्या मनात काहीतरी अडकलं. हसणं तिला दिसलं होतं. ऐकू आलं नव्हतं. मॉनिटरला आवाज नव्हता, पण ताई तर पाच हातांवर उभी होती.

ती मॅडमच्या हाताखालून वाकून बाजूला झाली आणि मॉनिटरकडे न बघता तिनं थेट ताईकडे पाहिलं.

पडद्यावर अजून हसू चालू होतं. रस्त्याच्या कडेला ताई तशीच उभी होती. ओठ मिटलेले, हात पुढे एकावर एक ठेवलेले. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. मधुवंतीकडे बघत होती.

“कट,” चिन्मय सर म्हणाले. “मस्त. चला, निघू या.”

मधुवंतीनं तोंड उघडलं. पहिल्यांदा शब्द निघाला नाही. दुसऱ्यांदाही निघाला नाही. बाबूलाल काकांनी कॅमेरा पेटीत ठेवला, झाकण लावलं, दोन्ही कड्या बसवल्या. पेटी गाडीत चढली. रीना मॅडमनी खिडकीतून हात हलवला. ती गाडीमागे धावली, ‘मॅडम, मॅडम’ म्हणत, पण तिचा आवाज वर्गातही पोचायचा नाही. गाड्या पुलावर चढल्या आणि पलीकडे उतरून दिसेनाशा झाल्या.

८

परत येताना बाबा खुशीत होते. त्यांनी आईला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“हसली काय हो माझी पोर?” आई विचारत होती.

“खो खो हसली. उचकी लागलती. विचार मधूले, तिनं पाह्यलं ना समोरून. मधू, सांग आईले.”

बाबांचे डोळे आरशात तिच्याकडे बघत होते. किती दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. पलीकडे आई थांबली होती, श्वास रोखून.

“हौ,” मधुवंती म्हणाली. “हसली.”

“मी खीर करतो,” आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

ताई मागच्या सीटवर मधुवंतीच्या शेजारी होती, बाहेर बघत. दोघींच्या मधे तिचा उजवा हात सीटवर होता. पालथा. बोटं सीटच्या कडेत रुतलेली.

मधुवंतीनं तो हात दोन्ही हातांनी उचलला आणि सुलटा केला. तळवा वर. बोटं एकेक करून सैल केली आणि त्यांच्यावर आपला तळवा दाबून धरला. बालाघाट येईपर्यंत तिनं तो सोडला नाही, खिडकीबाहेरही पाहिलं नाही. तिचा तळवा आधी गार पडला, मग बधिर झाला.

घरासमोर गाडी थांबली. आई फाटकात उभी होती, पदरानं डोळे पुसत. बाबा उतरून पुढे गेले.

“चाल ताई,” मधुवंती म्हणाली.

तिच्या बधिर हाताखाली काहीतरी हललं. करंगळी. मग मनगट सावकाश वळलं आणि ती बोटं पुन्हा वाकायला लागली. या वेळी त्यांच्या पकडीत सीट नव्हती, मधुवंतीचं मनगट होतं.

“त्यांचं जेवण होऊ द्या,” ताई तिच्या कानाशी म्हणाली. “मग आपण जाऊ.”